जयपालसिंग मुंडा : नावासाठी लढलेला आदिवासी नेता

ज्याचे नाव दुसरा ठेवतो, त्याचा इतिहासही दुसराच लिहितो. म्हणूनच ‘हरिजन’ या नावाविरुद्ध बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात सभात्याग केला. आदिवासींसाठी हीच लढाई लढले जयपालसिंग मुंडा.

३ जानेवारी १९०३ रोजी रांचीजवळच्या टकरा गावी मुंडा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मिशनऱ्यांच्या शाळेतून ते ऑक्सफर्डला पोहोचले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे ते कर्णधार. हॉकीपायी त्यांनी आय.सी.एस.वर पाणी सोडले. १९३९ साली आदिवासी महासभेचे अध्यक्ष आणि १९४६ साली संविधान सभेचे सदस्य झाले.

तिथे हिंदी अनुवादात आदिवासींसाठी ‘वनजाति’ हा शब्द वापरला गेला. जयपालसिंगांनी ठणकावून विरोध केला. रानात राहणारा आणि या भूमीचा आद्य रहिवासी, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आजच्या ‘वनवासी’ शब्दामागचा डाव त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

१९४८ साली बाबासाहेबांनी वेगळी अडचण मांडली. ‘आदिवासी’ हा शब्द ‘अस्पृश्य’ शब्दासारखाच सर्वसाधारण. त्यात कोणालाही घुसवता येईल. म्हणून जमातींची अनुसूची हवी. आम्हाला यात विरोध दिसत नाही. कायद्याला यादी लागते, समाजाला नाव लागते. यादीने हक्क दिले, नावाने स्वाभिमान दिला.

जयपालसिंग ख्रिस्ती होते, तरी त्यांचे आदिवासीपण तसूभरही कमी झाले नाही. आज धर्मांतरित आदिवासींना अनुसूचीतून वगळा, अशी ओरड करणाऱ्यांना त्यांचे आयुष्य हेच उत्तर आहे. धर्माची अट काय असते, हे आम्हा बौद्धांना कोणी शिकवू नये. केंद्राच्या सवलतींसाठी आम्हाला १९९० पर्यंत थांबावे लागले!

दुसरीकडे, सालवृक्षांच्या सरना-स्थळी निसर्गाला पुजणाऱ्यांना आपला धर्म वेगळा म्हणून नोंदवायचा आहे. २०११ च्या जनगणनेत स्वतंत्र रकाना नसतानाही सुमारे ४९ लाख लोकांनी ‘सरना’ लिहिले. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतंत्र रकान्याचा ठराव केला. ही मागणी न्याय्यच आहे.

१९६३ साली जयपालसिंगांनी झारखंड पार्टी काँग्रेसमध्ये विलीन केली. ही त्यांची मोठी चूक, असे आम्ही मानतो. २० मार्च १९७० रोजी ते गेले. झारखंड राज्य झाले १५ नोव्हेंबर २००० रोजी.

आदिवासी कोण आणि त्याचा धर्म कोणता, हे आदिवासीच ठरवील. आंबेडकरी चळवळीने त्याच्या पाठीशी ठाम उभे राहिले पाहिजे.