केशवराव भोसले
केशवराव भोसले (जन्म : कोल्हापूर, ९ ऑगस्ट १८९०, मृत्यू : ४ ऑक्टोबर १९२१) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट आणि ललितकलादर्श या नाटक मंडळीचे संस्थापक होते. घरच्या गरिबीमुळे ते बालवयातच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले.

१ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे स्वतःची मंडळी काढली. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि हुंड्याच्या प्रश्नावरील मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ ही नाटके तिने रंगभूमीवर आणली.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व आणि ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी मंडळ्या त्यासाठी एकत्र आल्या. केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी झाले. त्यानंतर तीन महिन्यांतच विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले.

मालक गेला की मंडळी फुटावी, हे त्या काळी नवे नव्हते. ललितकलादर्शची धुरा मात्र बापूराव पेंढारकरांनी उचलली आणि १९२२ मध्ये ‘सत्तेचे गुलाम’ सादर केले. बापूराव १९३७ मध्ये वारले. पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी संस्था पुन्हा उभी केली. त्यांचा जन्म केशवरावांच्या मृत्यूनंतर अवघ्या सात आठवड्यांनी झाला होता.

कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आगीत भस्मसात झाले.