मातीतून औषध शोधणाऱ्या एलिझाबेथबाई

पावसाळा लागला की जव्हार-मोखाड्यात आवणीला जाणाऱ्या बायकांच्या पायांना चिखल्या होतात, मुलांच्या अंगावर गजकर्ण उठतं. यामागे बरेचदा बुरशी असते. आपले केस, नखं, कातडीचा वरचा थर केराटिनचा असतो. ते खाऊन जगणाऱ्या काही बुरश्या बागेच्या, अंगणाच्या मातीतही सापडतात. गळलेले केस नि पिसं हे त्यांचं अन्न. त्यातल्या थोड्याच माणसाला त्रास देतात. गजकर्ण जास्त करून माणसाकडून किंवा जनावराकडूनच लागतं.

पण मैत्रिणींनो, बुरशीवरचं औषधही मातीतच सापडलं, आणि ते शोधलं दोन बायकांनी! त्यातल्या एक एलिझाबेथ हेझन. १८८५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जन्म. लहानपणीच आईवडील गेले, काका-काकूंनी वाढवलं. आधी शाळेत शिकवलं, मग पुढे शिकत राहिल्या आणि १९२७ साली, बेचाळिशीत, कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. या वयात आपल्याकडे बाई सासू झालेली असते!

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत त्यांनी बुरशीच्या आजारांचा ध्यास घेतला. शाळकरी मुलांच्या डोक्यात गजकर्ण करणारी बुरशीही अभ्यासली. पेनिसिलिनसारखी औषधं आली होती, पण ती जिवाणू मारत, बुरशी नाही. मग एलिझाबेथबाई ठिकठिकाणची माती तपासू लागल्या. उपयोगाचा जंतू दिसला की बरणीत घालून टपालाने ऑल्बनीला रेचल ब्राऊन या रसायनशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवायच्या. त्या अर्क काढून परत पाठवत. बहुतेक अर्क विषारी निघत. १९४८ साली व्हर्जिनियात नोर्स नावाच्या स्नेह्यांच्या शेतावरची माती त्यांनी उचलली, आणि तिच्यात हवा तो जंतू मिळाला! औषधाला न्यूयॉर्क स्टेटवरून नाव दिलं नायस्टॅटिन. १९५४ पासून ते बाजारात आलं.

बाळाच्या तोंडातला पांढरा चिकटा, बायकांना होणारा खाजेचा, पांढरं जाण्याचा बुरशीजन्य त्रास यांवर ते चालतं. गजकर्णावर मात्र चालत नाही, त्याची औषधं वेगळी. म्हणून शेजारणीची ट्यूब मागून लावू नका. पाड्यांवर मी हे फार पाहते. ट्यूबमध्ये स्टेरॉइड असलं की खाज थांबते, गजकर्ण मात्र पसरत राहतं. पांढरं जाण्याचीही कारणं अनेक, डॉक्टरांना दाखवायला लाजायचं कशाला?

पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही मातीतल्याच जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढलं.

नायस्टॅटिनच्या स्वामित्वधनाचे एक कोटी तीस लाखांहून जास्त डॉलर आले. दोघींनी त्यातला एक पैसाही घरी नेला नाही, सगळे संशोधनाला दिले. एलिझाबेथबाई पगारावरच राहिल्या. १९७५ साली सिअ‍ॅटलला, नव्वदीला दोन महिने कमी असताना त्या गेल्या.