सेवाव्रती रमाबाई रानडे

घरातील रुग्णाची अहोरात्र शुश्रूषा करताना गृहस्थाचे मन खचते. आपले कष्ट व्यर्थ आहेत असे वाटू लागते. अशा वेळी रमाबाई रानडे यांचे चरित्र आठवावे. इ. स. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीची दृष्टि अधू, म्हणून त्या त्यांना वर्तमानपत्रे वाचून दाखवीत. अखेरच्या दुखण्यात त्यांनी मनोभावे शुश्रूषा केली. तरीही १९०१ मध्ये न्यायमूर्ति निवर्तले. पती गेले, पण सेवावृत्ति ओसरली नाही. शोक आवरून रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारले. तेथून कित्येक स्त्रिया परिचारिका होऊन बाहेर पडल्या. फळ ईश्वराधीन असते; निष्काम शुश्रूषा मात्र कधीच वाया जात नाही, हाच या चरित्राचा बोध होय.