सर्कशीतून विद्यापीठात

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला काय यायला हवे? शिट्टी वाजवणे, रांगा लावणे आणि आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ निवडणे एवढे जमले की पुरे, असे आजही अनेक शाळांत मानले जाते. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही फार वेगळी अपेक्षा नव्हती. ती बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते डडली ॲलन सार्जंट स्वतः तरुणपणी सर्कशीत कसरती करत.

सार्जंट यांचा जन्म २८ सप्टेंबर १८४९ रोजी मेन राज्यातील बेलफास्ट या बंदराच्या गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. कसरतीतील कौशल्यामुळे १८६९ मध्ये, ऐन विशीत, त्यांना बोडन महाविद्यालयाच्या व्यायामशाळेचे प्रमुखपद मिळाले. पुढे त्याच महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून प्रवेश घेऊन त्यांनी १८७५ मध्ये पदवी मिळवली. तेवढ्यावर न थांबता १८७८ मध्ये येल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. कसरतपटूला शरीर वापरता येते, पण दुसऱ्याच्या शरीराला किती व्यायाम झेपेल हे ओळखायला शरीरशास्त्र लागते, हे त्यांना उमगले होते.

१८७९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची नवी हेमेनवे व्यायामशाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आली. तिथे त्यांनी नेहमीचा क्रम उलटा केला. आधी तपासणी, मग व्यायाम. विद्यार्थ्याचे हृदय व फुप्फुसे तपासायची, उंची, वजन, छाती, दंड यांची मापे घ्यायची आणि मगच त्याला व्यायामाचा तक्ता लिहून द्यायचा. डबल बारवर अशक्त मुलाला स्वतःचेच वजन पेलत नाही, म्हणून त्यांनी कप्पी, दोर आणि कमीजास्त करता येणारी वजने असलेली यंत्रे बनवली. आजच्या जिममधील यंत्रांमागेही हेच तत्त्व आहे.

मात्र एक डॉक्टर किती जणांना तपासणार? खरी गरज शिक्षक घडवण्याची होती. १८८१ मध्ये त्यांनी केंब्रिज गावात स्त्रियांसाठी व्यायामशाळा सुरू केली. तिचेच पुढे शिक्षिका घडवणारे सार्जंट विद्यालय झाले. १८८७ पासून हार्वर्डमध्ये त्यांचे उन्हाळी वर्ग भरू लागले. विद्यापीठ तेव्हा पुरुषांचे असले तरी या वर्गांत स्त्रियांनाही प्रवेश होता. कवायतीबरोबरच शरीररचना, शरीरक्रिया आणि मापन हे विषय भावी शिक्षकांना शिकावे लागत.

स्त्रियांना व्यायाम झेपत नाही, हा त्या काळचा समज होता. सार्जंट यांनी १२ तरुणींना ५४० यार्ड, म्हणजे सुमारे ५०० मीटर, धावायला लावले. सैल कपड्यांत धावल्यावर त्यांच्या नाडीचे ठोके सरासरी मिनिटाला १५२ भरले. कॉर्सेट आवळून तेवढेच अंतर धावल्यावर १६८. म्हणजे दोष शरीराचा नव्हता, कपड्यांचा होता. प्रयोग छोटा होता, पण मत बनवण्याआधी मोजून पाहावे, हा धडा त्यात होता.

विद्यापीठात या विषयाला मान सहजी मिळाला नाही. त्यांचे साहाय्यक प्राध्यापकपद १८८९ नंतर पुढे चालू राहिले नाही. तरीही व्यायामशाळेचे संचालक म्हणून ते १९१९ पर्यंत काम करत राहिले. १९२१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी एक साधी चाचणी मांडली. भिंतीलगत उभे राहून हात किती वर पोहोचतो आणि जागेवरून उडी मारून किती वर पोहोचतो, यातला फरक मोजायचा. पायांतील स्फोटक ताकद अजमावण्यासाठी ही ‘सार्जंट जंप’ आजही खेळाडूंच्या चाचण्यांत वापरतात. २१ जुलै १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे विद्यालय १९२९ मध्ये बोस्टन विद्यापीठात सामील झाले. आज सार्जंट यांच्याच नावाच्या त्या महाविद्यालयात फिजिओथेरपीसारखे आरोग्यविषयक अभ्यासक्रम चालतात.

आपल्याकडील बी.पी.एड. अभ्यासक्रमातही शरीररचना, शरीरक्रिया आणि मापन-मूल्यमापन हे विषय आहेत. प्रश्न उरतो तो मैदानावरचा. कोणत्या मुलाला दमा आहे, कोणाला हृदयाचा त्रास आहे, कोण नुकतेच तापातून उठले आहे, हे माहीत नसताना सगळ्या वर्गाला सारख्याच फेऱ्या मारायला लावणे धोक्याचे ठरू शकते. पालकांनी ही माहिती शाळा सुरू होतानाच क्रीडाशिक्षकांना द्यावी आणि शिक्षकांनी ती आपणहून विचारावी. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. एक वही पुरते.