कवळाण्याचा गोपाळ झाला बडोद्याचा राजा. गावोगाव पोचवली पुस्तकांची पेटी आणि गाणं

मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे गाव. इथल्या काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात 11 मार्च 1863 रोजी गोपाळचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या पोराला अक्षरओळख नव्हती. पुढे हाच गोपाळ महाराजा सयाजीराव गायकवाड झाला आणि त्याच्या राज्यात खेड्यापाड्यांत हजाराच्या वर वाचनालये उभी राहिली.

1875 साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून काढले. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. कवळाण्याहून गोपाळ आणि त्याचे भाऊ बडोद्याला नेले गेले आणि निवड गोपाळची झाली. तिथं त्याने पाटी हातात घेतली. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली काही वर्षं कसून अभ्यास झाला. 28 डिसेंबर 1881 ला राज्याचा कारभार त्याच्या हाती आला. उशिरा शिकलेल्या या राजाला न शिकलेल्या माणसाची अडचण ठाऊक होती.

गाणं दरबारातून बाहेर आलं

त्या काळी शास्त्रीय गाणं म्हणजे राजवाडे आणि उस्तादांची घराणी. साध्या घरातल्या पोराने गाणं शिकावं ही रीत नव्हती. 1886 मध्ये महाराजांनी बडोद्यात सरकारी गायनशाळा काढली. दरबारातले नामवंत गायक मौलाबक्ष यांना तिचे प्रमुख केले. मौलाबक्षांनी चिजा लिपीत बसवून शिकवायची पुस्तकं तयार केली. त्यामुळे जे उस्तादाच्या पायाशी वर्षानुवर्षं बसून मिळायचं, ते शाळेतल्या पोरांपर्यंत पोचू लागलं. 1916 साली भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच, महाराजांच्या आश्रयाने.

शाळा सुटली की अक्षर विसरतं

1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. शेतकऱ्याला हे सोपं नव्हतं. गुरं राखायला, पाखरं हाकायला घरातला एक हात कमी व्हायचा. एवढं करूनही मेख राहिलीच. पोरगं चार इयत्ता शिकून पुन्हा शेतात गेलं, की घरात वाचायला कागदाचा कपटा नसायचा. दोन-चार वर्षांत शिकलेलं सगळं पुसलं जायचं. मग दंड भरून, कामाचा खोळंबा सोसून काय मिळवलं?

यावर उपाय म्हणून वाचनालये आली. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून आल्यावर 1910 मध्ये महाराजांनी तिथले जाणकार विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि ग्रंथालयांचं वेगळं खातंच उघडलं. राजवाड्यातली स्वतःची पुस्तकंही लोकांसाठी दिली. मोतीभाई अमीन नावाचे शिक्षक त्याआधीपासून गावोगाव वाचनालये काढत होते. त्यांना या खात्यात घेऊन खेड्यांचं काम सोपवलं.

जिथं वाचनालय नव्हतं तिथं फिरती पेटी जायची. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरून ती गावाला पाठवायची, वाचून झाली की परत आणून दुसरी द्यायची. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा, वाचणाऱ्याला एक पैसाही नाही. लहान मुलांसाठी आणि बायकांसाठीही वाचनाची वेगळी सोय केली. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्यासाठी पडद्यावर चित्रं दाखवणारा मॅजिक लँटर्नचा दिवा गावात यायचा. म्हणजे शिकलेला नातू आणि अंगठा उठवणारा आजा, दोघांनाही त्यात जागा होती.

आधी गावाचा वाटा

कायमचं वाचनालय मात्र फुकट मिळत नसे. गावाने वर्गणी काढायची. गाव जेवढं जमवेल तेवढीच भर सरकार घालणार आणि तेवढीच स्थानिक मंडळ घालणार. गावाचा रुपया पडला की त्याचे तीन व्हायचे. पण पहिला रुपया गावाचाच लागायचा. ज्या वाचनालयात आपल्या घामाचा पैसा आहे, त्याला कुलूप लागू नये याची काळजी गावच घेतं, हे महाराजांना पक्कं माहीत होतं.

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. बडोद्याच्या मांडवी भागात सेंट्रल लायब्ररी आजही चालू आहे. मौलाबक्षांच्या गायनशाळेतून वाढलेला विभाग आता महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे.

आपल्या तालुक्यांतही गावोगाव भजनी मंडळं आहेत, ड वर्गाची ग्रंथालये आहेत. काही नीट चालतात, काहींचं दार फक्त तपासणीच्या दिवशी उघडतं. दार रोज उघडावं असं वाटत असेल, तर सुरुवात कवळाण्याच्या गोपाळने सांगितली तिथूनच करावी लागेल. आधी गावाचा वाटा.