भगवानदादा : सामान्यांच्या पावलांचा नर्तक



नृत्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुरू, घराणे आणि वर्षानुवर्षांचा रियाज येतो. या भागात आपण ज्या नर्तकाचा परिचय करून घेणार आहोत, त्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. तरीही हिंदी चित्रपटातील नृत्याला त्यांनी नवे वळण दिले. वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा : शास्त्रोक्त शिक्षणाविना आलेली सहजता ही कलेतील उणीव मानायची की स्वतंत्र शैली?

१. जडणघडण

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत प्रदर्शित झाला आणि पुढे फाळक्यांनी आपला चित्रव्यवसाय नाशिकला आणला. म्हणजे भगवान हे भारतीय चित्रपटाचे समवयस्कच.

त्यांचे वडील कापडगिरणीत कामगार होते. भगवान यांनीही मजुरी केली, परंतु ओढ पडद्याची होती. मूकपटांत किरकोळ भूमिका करता करता ते चित्रपटनिर्मिती शिकले. मूकपटात नटाला सारे काही देहानेच सांगावे लागे. हा संस्कार त्यांच्या पुढील नृत्यात टिकून राहिला, हे ध्यानात घ्या.

१९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासह त्यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. त्यानंतर दशकभर त्यांनी कमी खर्चाचे मारधाडपट काढले. कलावंतांच्या पोशाखापासून जेवणापर्यंत सर्व व्यवस्था ते स्वतः पाहत. या चित्रपटांचा प्रेक्षक प्रामुख्याने श्रमिक होता. १९४२ मध्ये त्यांनी 'जागृती पिक्चर्स' ही संस्था काढली व १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभारला.

२. 'अलबेला' आणि नवी शैली

राज कपूर यांच्या सल्ल्यावरून भगवान सामाजिक चित्रपटाकडे वळले आणि १९५१ मध्ये 'अलबेला' आला. रंगभूमीचे स्वप्न पाहणाऱ्या गरीब तरुणाची ही कथा. नायिका गीता बाली होत्या. संगीतकार सी. रामचंद्र मूळचे पुणतांब्याचे. 'चितळकर' या नावाने तेच भगवान यांच्यासाठी गायले. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादकांमुळे या संगीतात अमेरिकन जॅझचा उत्साह मिसळला.

या तालावर भगवान कसे नाचले? अमेरिकेतील टॅप नृत्यात बुटाच्या तळाशी धातूच्या पट्ट्या लावून पावलांनी ताल वाजवतात. कथकात घुंगरू बांधलेली पावले तेच काम करतात. भगवान यांची पावले मात्र जमिनीवरून फारशी उचललीच जात नाहीत. गुडघे किंचित लवलेले, हात सैल, खांदे हलकेच झुलणारे. ताल आघातातून नव्हे, तर डौलातून प्रकटतो. ठेंगण्या, स्थूल देहाचा हा नायक पाहून साध्या प्रेक्षकाला वाटले, हे मलाही जमेल. त्यांच्या शैलीचे मर्म येथेच आहे.

३. उतरती कळा

'झमेला' (१९५३) आणि 'लाबेला' (१९६६) यांना ते यश लाभले नाही. जुहूचा बंगला, मोटारी, स्टुडिओ, सारे गेले. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये गोपीकृष्ण यांचे कथक झळकले. त्याच चित्रपटात भगवान दुय्यम भूमिकेत होते. पुढे तर त्यांना क्षणभराच्या भूमिकाही स्वीकाराव्या लागल्या. अखेरचा काळ त्यांनी दादरच्या चाळीत काढला. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

४. समारोप

अमिताभ बच्चन, गोविंदा यांच्या पडद्यावरील नृत्यात भगवान यांची छाप अनेकांनी ओळखली आहे. परंतु त्यांचा खरा वारसा पडद्याबाहेर आहे. वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत कधीही नृत्य न शिकलेला माणूस हात सैल सोडून डोलू लागतो, तेव्हा तो नकळत भगवानदादांचाच वारसा चालवीत असतो. संपत्ती गेली, लोकांना दिलेले पाऊल मात्र लोकांपाशीच राहिले.

स्वयंअध्ययनासाठी : आपल्या परिसरातील एखादी मिरवणूक किंवा वरात आठवा आणि तेथील नाचात भगवानदादांच्या शैलीच्या कोणत्या खुणा दिसतात, ते दहा ओळींत लिहा.