मुळीची उलटतपासणी घेणारा डॉक्टर

रक्तदाबाचा विकार हा मुका शत्रू आहे. तो दुखत नाही, खुपत नाही, ताप आणीत नाही. शाळामास्तर वीस-पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहतात, कारकून फायलींत मान घालून बसतो, आणि दोघांनाही आपण धडधाकट आहोत असेच वाटत असते. मग एके दिवशी पायांवर सूज दिसते, जिना चढताना धाप लागते, आणि तपासणीअंती कळते की मूत्रपिंडे बहुतेक निकामी झाली आहेत. त्यानंतरचे आयुष्य आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, एका यंत्राला बांधले जाते. पाथर्डी वा जामखेडकडच्या एखाद्या खेड्यातून या उपचारासाठी नगरला येणाऱ्या माणसाचा आणि त्याला सोबत करणाऱ्या घरच्या माणसाचा रोजगार किती बुडतो, याचा हिशेब कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात नसतो.

हा सारा अनर्थ पुष्कळदा टाळता येतो, आणि तो टाळण्याची विद्या परदेशातून तयार होऊन आपल्याकडे आली असे समजण्याचे कारण नाही. तिचा एक महत्त्वाचा धडा मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात लिहिला गेला. तो लिहिणारे डॉ. रुस्तुम जाल वकील १९७४ साली निवर्तले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव पाठ्यपुस्तकाच्या वेष्टनावरून ठाऊक असते. इतरेजनांच्या स्मरणातून मात्र ते जवळजवळ पुसले गेले आहे. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तरी ते विसरू नये, असे वाटते.

वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते मुंबईत येऊन स्थिरावले. के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही १९२६ साली सुरू झालेली संस्था. भोवती गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार तिच्या खाटांवर असत. तेथे हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार हा वकील यांचा अभ्यासविषय झाला.

त्या काळी रक्तदाब मोजता येत होता, उतरवता येत नव्हता. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली आणले, आणि रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ मध्ये नाडीचे आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची रीत दाखविली. पण आकडा कळून करावयाचे काय? विश्रांती, बिनमिठाचे जेवण, झोपेची औषधे, अन्यथा पाठीतील मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया, यापलीकडे जगातील थोरात थोर डॉक्टरांजवळही फारसे काही नव्हते. कित्येक तज्ज्ञांना तर वाढता दाब ही शरीराची गरजच वाटे आणि तो उतरविणे धोक्याचे वाटे.

याचे बोलके उदाहरण इतिहासातच आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीतील त्यांचे सहकारी आपल्या नगरच्या किल्ल्यात बंदिवासात होते. त्याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर वर चढत होता. एका महासत्तेचे सारे वैद्यक हाताशी असूनही तो उतरला नाही, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला. उपयोगी पडू शकेल अशी एक मुळी त्या वेळी भारतातील वैद्यांच्या व डॉक्टरांच्या हातात होती. तिला जगाच्या दरबारात उभे करणारा माणूस मात्र अजून पुढे यावयाचा होता.

ती मुळी म्हणजे सर्पगंधा. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवरील औषध म्हणून आपल्या वैद्यांना ती पूर्वापार परिचित होती. सोळाव्या शतकातील लिओनहार्ड राऊवोल्फ या जर्मन वनस्पतिज्ञ वैद्याच्या नावावरून युरोपीयांनी तिच्या कुळाला राऊवोल्फिया असे नाव दिले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर परिणाम होतो, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतील काही क्षार वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ एकास अजमलिन हे नाव दिले. रामनाथ चोप्रा यांच्यासारख्या औषधशास्त्रज्ञांनीही तिचा अभ्यास केला. म्हणजे सर्पगंधेचा गुण वकील यांनी शोधून काढला असे म्हणणे खरे होणार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही.

त्यांनी केले ते काम वेगळे आणि एका अर्थाने अधिक कष्टाचे होते. एखादे औषध गुणकारी असल्याची कीर्ती ही न्यायालयातील साक्षीसारखी असते. साक्षीदार कितीही प्रतिष्ठित असला तरी उलटतपासणीवाचून त्याचे म्हणणे पुरावा ठरत नाही. आडनावाने वकील असलेल्या या डॉक्टरने मुळीची अशी उलटतपासणी घेतली. कोणाला द्यावयाचे, किती द्यावयाचे, दाब कधी उतरू लागतो, किती उतरतो, औषध थांबविल्यावर काय होते, उपद्रव कोणता होतो, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खाटेशेजारी उभे राहून, आकड्यांत नोंदवून मिळवावयाचे होते. साध्या उपायांनी ज्यांचा दाब उतरला नव्हता अशा ५० रुग्णांना वाळविलेल्या मुळीच्या गोळ्या देऊन त्यांनी निरीक्षणे नोंदविली. त्यांतील बहुसंख्य रुग्णांचे दोन्ही आकडे खाली आले. हा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजच्या कसोट्या लावल्या तर त्या प्रयोगात उणिवा दिसतील. पण त्या काळी हृदयविकारतज्ज्ञांना समजेल अशा भाषेत आणि त्यांना तपासून पाहता येईल अशा स्वरूपात एका भारतीय मुळीचा पुरावा मांडला गेला, हे त्याचे महत्त्व होय.

त्या निबंधाने दारे उघडली. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवून आपल्या रुग्णांना दिली व भारतातील अनुभवास दुजोरा दिला. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या संशोधकांनी १९५२ साली तिच्यातील मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळे काढले. अल्पावधीत ते जगभर पसरले. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले आणि १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

या कामाचे मोल नीट कळण्यासाठी दाब, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि हृदय यांचे नाते थोडे समजून घेतले पाहिजे. लंडनच्या गाईज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शवविच्छेदनात एक विलक्षण गोष्ट दिसली होती. ज्यांची मूत्रपिंडे आक्रसून कठीण झालेली असत, त्यांचे हृदय पुष्कळदा जाड व मोठे झालेले असे. दोन अवयव एकमेकांपासून दूर आहेत, तरी रोग एक आहे, हे तेव्हाच सूचित झाले. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेला दाब या गाळण्यांच्या नाजूक वाहिन्यांवर वर्षानुवर्षे आदळत राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचू लागते आणि ते दाब आणखी वाढविणारे द्रव्य सोडते. पाणी कमी येते म्हणून मोटेचा बैल अधिक जोराने हाकावा आणि त्यामुळे नाडाच तुटावा, तसा हा प्रकार आहे. या चक्रात हृदयही भरडले जाते. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेले कित्येक रुग्ण डायलिसिसच्या पायरीपर्यंत पोचण्यापूर्वीच हृदयविकाराने जातात, ते यामुळेच.

दाब उतरविला तर हे चक्र खरोखर थांबते काय, याचे निर्णायक उत्तर अमेरिकेत १९६७ साली मिळाले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ माजी सैनिकांपैकी निम्म्यांना खरी औषधे व निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. निष्क्रिय गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाले, औषधे घेणाऱ्यांत अवघ्या दोघांना. त्या औषधांच्या संचात इतर दोन औषधांबरोबर रेसर्पिनही होते. रक्तदाब उतरविणे हितावह आहे, हे ज्या प्रयोगाने सिद्ध केले त्याच्या पोटात आपल्या सर्पगंधेचा अंश होता.

पुढची हकीकतही तितक्याच मोकळेपणाने सांगितली पाहिजे. रेसर्पिनमुळे मन खिन्न होणे, नाक चोंदणे, सुस्ती येणे असे उपद्रव होतात हे दिसून आले. अधिक चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. जी पद्धत मुळीला मोठेपण देते तीच तिचे दोषही दाखविते. खऱ्या संशोधकाला यात अपमान वाटत नाही.

आपल्याकडे या बाबतीत दोन टोकाचे पंथ आहेत. एकाचे म्हणणे असे की, सर्व काही आमच्या ग्रंथांत आहे, तपासण्याचे कारण काय? दुसऱ्याचे म्हणणे असे की, ग्रंथांत काही नाही, म्हणून तपासण्याचे कारण काय? दोघांचा निष्कर्ष एकच, की तपासू नये. पहिल्या पंथाच्या नादी लागून कोणी तरी रोजची गोळी बंद करून काढा सुरू करतो, कारण काढ्याची जाहिरात झोकदार असते. दुसऱ्या पंथाच्या नादाने उपयोगी वनस्पती कोपऱ्यात पडून राहते. वकील या दोहोंपैकी कोणाचेच नव्हते. त्यांनी मुळीला नमस्कार केला नाही आणि तिला हसलेही नाहीत. त्यांनी तिला दाबाच्या पट्ट्यासमोर आणून उभे केले.

अध्यापनातही त्यांची दृष्टी हीच होती. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेला शारीरिक तपासणीवरील ग्रंथ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला. भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने १९६९ साली काढलेल्या वैद्यकाच्या बृहत् पाठ्यपुस्तकाचे ते प्रमुख संपादक होते. भारतीय रुग्णांचे रोग भारतीय डॉक्टरांनी पाहून लिहावेत, हा त्या खटाटोपाचा अर्थ होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हा साखर कारखान्यांचा आणि दुष्काळाचाही जिल्हा. लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पाने, शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियाही गावाच्या आरोग्याचा भार समर्थपणे उचलू शकतात, हे जगाला दाखविले. दुसरीकडे पाथर्डीसारख्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे उन्हात राबतात, पुरेसे पाणी पीत नाहीत, अंगदुखीवर दुकानातून गोळ्या घेऊन खातात. मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजुरांत आणि आंध्रच्या उद्दानम भागातील शेतकऱ्यांत मूत्रपिंडाचा असा विकार आढळला आहे की, त्याचे कारण रक्तदाब वा मधुमेह एवढ्याने सांगता येत नाही. आपल्या तोडणी कामगारांची स्थिती काय आहे, हा प्रश्न विचारण्यासाठी परदेशी संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. दंडाचा पट्टा, लघवीतील प्रथिन पाहण्याची साधी पट्टी, एक वही आणि दरवर्षी त्याच माणसाकडे परत जाण्याची चिकाटी एवढे भांडवल आरंभाला पुरेल. पन्नास रुग्णांची नीट ठेवलेली वही जग बदलू शकते, हे परळला सिद्ध झाले आहे.

२०१६ पासून सरकारी योजनेतून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय होऊ लागली, हे चांगलेच झाले. पण यंत्रांची संख्या वाढणे ही आरोग्याची प्रगती नव्हे. यंत्रापर्यंत जावे लागणाऱ्यांची संख्या घटणे ही प्रगती होय. त्यासाठी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा, तो कागदावर लिहून ठेवावा, आणि बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. शिक्षकांनी एखाद्या पालकसभेच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर ही तपासणी घडवून आणली तर तिला खर्च नाममात्र आणि पुण्य मोठे.

डॉ. वकील यांचा पुतळा गावोगाव उभारावा अशी मागणी कोणी करणार नाही. तशी आवश्यकताही नाही. ज्या गावात माणसांचे आकडे वहीत नीट लिहिलेले असतील, तेथे त्यांचे स्मारक झालेच, असे समजण्यास हरकत नाही.